राघूच्या बिळापासून बाळाच्या पाळण्यापर्यंत

या विषयावर बोलावयाचे असे आम्ही ठरविले तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, पाखरांच्या चाळ्यांचा आणि पोरांच्या वजनाचा संबंध काय? दोहोंपैकी एक काहीतरी धरा," असे ते म्हणाले. शंका रास्त होती. आपल्याकडे विद्येच्या वाटण्या फार काटेकोर झालेल्या आहेत. रानात जनावरे पाहणारा वेगळा, दवाखान्यात मुले तपासणारा वेगळा. एकाने दुसऱ्याच्या अंगणात पाय टाकला की दोन्ही घरची माणसे साशंक होऊन पाहू लागतात. परंतु असा पाय टाकणारा एक संशोधक आपल्या पुण्यातच होऊन गेला, नव्हे, आहे. त्यांचे नाव डॉ. मिलिंद वाटवे. त्यांनी रानातून आणलेला एक प्रश्न पुण्याच्याच एका डॉक्टरांनी खेड्यापाड्यांतील तान्ह्या बाळांविषयी जमविलेल्या माहितीला नेऊन भिडविला. त्या भेटीतून काय निघाले, त्यातले पक्के किती आणि कच्चे किती, हे गोदाघाटावर येणाऱ्या चोखंदळ मंडळींपुढे मांडावे एवढाच आमचा हेतू आहे.

वाटवे यांचा अध्यापनाचा विषय सूक्ष्मजीवशास्त्र. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात त्यांनी तो अनेक वर्षे शिकविला. पुढे पुण्यातीलच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, जिला सारे 'आयसर' म्हणतात, ते प्राध्यापक झाले. पण सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून बसणाऱ्या या माणसाचा जीव अडकलेला होता रानात. त्यांचे 'आरण्यक' हे पुस्तक वाचलेले काहीजण आपल्यांत असतीलच. हे दोन छंद एकत्र कोठे यावेत? तर शेणात! निलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलै म्हणून जंगल आहे. तेथील वन्य प्राण्यांची विष्ठा गोळा करून तिच्यातील कृमींची अंडी त्यांनी मोजली आणि हत्तींचे नामांकित अभ्यासक रामन सुकुमार यांच्यासह १९९५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. कोणता प्राणी कसा राहतो, काय खातो, कळपाने हिंडतो की एकटा, याचा त्याच्या पोटातील जंतांशी काय मेळ बसतो, असा तो शोध होता. शेण चिवडणे हा काही प्रतिष्ठेचा व्यवसाय नव्हे. तथापि जनावराच्या अंगाला बोटही न लावता त्याची प्रकृती वाचण्याची ही रीत आहे, आणि प्राण्याचे वागणे व त्याचे आरोग्य ही दोन प्रकरणे नसून एकच प्रकरण आहे, हे तिच्यात गृहीत धरलेले आहे. पुढील सर्व गोष्टीचे बीज येथेच आहे असे आम्हांस वाटते.

आता राघूकडे वळू. राघू म्हणजे पिंजऱ्यातला पोपट नव्हे. नांदूरमध्यमेश्वराच्या वाटेने गेलात तर तारेवर बसलेला, चिमणीहून थोडा थोराड, हिरवागार, शेपटीतून एक बारीक काडी बाहेर आलेला जो पक्षी दिसतो, तो वेडा राघू. तो तारेवरून झेप घेतो, हवेतल्या हवेत मधमाशी पकडतो आणि गिरकी मारून पुन्हा त्याच तारेवर येऊन बसतो. म्हणून बहुधा लोकांनी त्याला वेडा ठरविले. हा पक्षी ओढ्याच्या वा नदीच्या मातीच्या दरडीत आडवे बीळ कोरून त्यात अंडी घालतो. पिलांसाठी किडा चोचीत धरून तो परत येतो तेव्हा जवळपास शत्रू दिसला तर तो बिळात शिरत नाही. शिरला तर घराचा पत्ता शत्रूला कळेल. येथपर्यंत नवल काही नाही.

नवल पुढे आहे. वाटवे आणि त्यांचे सहकारी यांनी शत्रूच्या जागी माणूस उभा केला. एकदा अशा ठिकाणी, की त्याला बिळाचे तोंड दिसावे; आणि एकदा जवळजवळ तितक्याच अंतरावर, परंतु अशा ठिकाणी, की तेथून बीळ दिसू नये. माणूस तोच, अंतर तेच. तरीही दुसऱ्या वेळी राघू अधिक वेळा बिळात शिरला. मग त्यांनी आणखी एक गंमत केली. माणसाने बिळाकडे तोंड करावे, किंवा तोंड फिरवून दुसरीकडे पाहावे. माणसाची नजर बिळापासून जितकी दूर वळलेली, तितका राघू निर्धास्त. ती नजर राघूच्या स्वतःच्या अंगावर आहे की नाही याला मात्र तसे महत्त्व दिसले नाही. म्हणजे 'हा मला पाहतो आहे काय' हा त्या पाखराचा प्रश्न नव्हता, 'याला माझे घर दिसते आहे काय' हा होता. हे प्रयोग २००२ साली 'ॲनिमल कॉग्निशन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सगळेच राघू सारखे वागले असे नाही. कोणी अधिक धीट, कोणी अधिक संशयी, आणि त्या लेखात हा फरकही प्रामाणिकपणे नोंदविला आहे.

हे वाचल्यावर आम्हीही एका उन्हाळ्यात गंगापूरच्या बाजूस एका ओढ्याच्या दरडीसमोर पाऊण तास उभे राहून पाहिले. आम्ही बिळाकडे पाहत होतो तोवर राघू समोरच्या बाभळीवर किडा चोचीत धरून बसून राहिला. मान दुखू लागली म्हणून आम्ही वळून नदीकडे पाहिले, आणि पुन्हा वळून पाहतो तो बाभळ रिकामी! एका वेळच्या पाहण्याला प्रयोग म्हणत नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु या प्रयोगाला लागणारे भांडवल म्हणजे एक दरड, एक राघू आणि न कंटाळणारा एक माणूस एवढेच आहे, हे त्या दिवशी आम्हांस चांगलेच कळले.

अशा पाहण्याला शास्त्राचे रूप ज्यांनी दिले त्यांत निको टिनबर्गेन यांचे नाव फार वरचे. हे मूळचे हॉलंडचे, नंतर ऑक्सफर्डला स्थायिक झाले. कुरव पक्ष्यांच्या वसाहतींत त्यांनी वर्षानुवर्षे मुक्काम ठोकला. कोणत्याही वागण्याविषयी चार प्रश्न विचारावेत, असे त्यांनी १९६३ साली मांडले: हे वागणे शरीराच्या कोणत्या यंत्रणेने घडते, जन्मापासून वाढताना ते कसे घडत जाते, त्याचा त्या जीवाला उपयोग काय, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या उत्क्रांतीत ते कसे आले. डॉक्टर मंडळी बहुधा पहिल्या दोन प्रश्नांवर थांबतात, आणि रोगी समोर कण्हत असताना ते योग्यही आहे. तिसरा आणि चौथा प्रश्न रानात हिंडणाऱ्यांचे. वाटवे यांनी दवाखान्याच्या दारात नेला तो हा तिसरा प्रश्न होय.

पण टिनबर्गेन यांची गोष्ट येथेच सोडून देणे बरे नव्हे, कारण मुलांच्या अंगणात पाय त्यांनीही टाकला होता. १९७३ साली कॉन्राड लोरेंझ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगीच्या व्याख्यानात ते पक्ष्यांपेक्षा स्वमग्न मुलांविषयी अधिक बोलले. पत्नी एलिझाबेथ यांच्यासह त्यांनी अशी मुले पाहिली होती. नजर टाळणे, जवळ यावेसे वाटणे आणि त्याच क्षणी दूर पळावेसे वाटणे, ही ओढाताण त्यांना कुरव पक्ष्यांत परिचयाची होती. तीच त्यांना मुलांत दिसली. पुढे १९८३ साली त्यांनी यावर ग्रंथही लिहिला आणि आईने मुलाला घट्ट धरून ठेवण्याच्या उपायाचा पुरस्कार केला. निदान मात्र चुकले. स्वमग्नतेचे मूळ आईबापांच्या वागण्यात नसून बव्हंशी आनुवंशिकतेत आणि मेंदूच्या घडणीत आहे, असे पुढील संशोधनाने दाखविले. आणि मधल्या काळात कित्येक मातांना नसलेल्या अपराधाचे ओझे वाहावे लागले. त्यांच्या बारकाईने पाहण्यात खोट नव्हती. पक्ष्यांविषयीचा निष्कर्ष त्यांनी मुलांवर जसाच्या तसा बसविला, ही खोट. रानातून घरी प्रश्न आणावा. उत्तर मात्र घरातल्या मुलाला मोजूनच काढावे लागते.

मोजण्याचे हे काम पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी करीत होते. याज्ञिक हे मधुमेहाचे वैद्य. मधुमेह हा खात्यापित्या, स्थूल, उतारवयाच्या माणसांचा रोग अशी पुस्तकी समजूत. आणि त्यांच्यापुढे येणारे रोगी तर वयाने तरुण आणि अंगाने बारीक. तेव्हा या रोगाचा माग माणसाच्या चाळिशीत न काढता त्याच्या आईच्या पोटात काढावा असे त्यांनी ठरविले. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या बायकांची वजने-मापे त्यांना दिवस जाण्यापूर्वीच घेऊन ठेविली. या बायकांचे सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास होते. त्यांनी काय खाल्ले, किती पाणी वाहिले, शेतात किती राबल्या, हे सारे टिपले. शेतातले आणि घरातले कष्ट जितके जास्त तितके बाळ लहान. पालेभाज्या, फळे, दूध ज्यांच्या पोटात अधिक गेले त्यांचे बाळ थोराड. आपल्या आजीला हे सांगितले असते तर ती म्हणाली असती, यात नवीन ते काय!

नवीन होते ते याच्या पुढे. ही बाळे जन्मली तेव्हा त्यांचे सरासरी वजन भरले २.७ किलो. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बाळांचे भरले ३.५ किलो. म्हणजे आपले बाळ सगळ्याच बाबतींत कमी असणार, असे कोणीही म्हणेल. परंतु चिमट्याने कातडी उचलून तिच्याखालील चरबी मोजली तेव्हा उलगडा झाला. पोटातील अवयव कमी, स्नायू कमी. पण पाठीवरची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. दिसावयास हडकुळे आणि आतून मेदवान असे हे बाळ होते. २००३ साली हे प्रसिद्ध झाले. त्यांच्या लेखातच 'थिन-फॅट' असा शब्द आहे. आम्ही त्याला 'रोड-मेदुर बाळ' म्हणतो, यापेक्षा बरा शब्द कोणास सुचल्यास आम्ही तो आनंदाने घेऊ. पुढच्याच वर्षी याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील मित्र जॉन युडकिन या दोघांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला जोडफोटोच छापला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचाही २२.३. अंगातील चरबी मात्र युडकिन यांच्या देहात शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांच्या देहात शेकडा २१.२! स्वतःच्या पोटाचा असा जाहीर हिशेब देणारे डॉक्टर आम्हांस तरी दुसरे ठाऊक नाहीत.

तर मग असे बाळ निसर्गाने घडवावे का? येथे टिनबर्गेन यांचा तिसरा प्रश्न उभा राहतो. याला जुने उत्तर होते. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ साली असे सुचविले की, आदिमानवाला वारंवार उपासमार घडे. म्हणून मिळेल तेव्हा साठवून ठेवणारे 'काटकसरी' गुण त्याच्या रक्तात टिकले, आणि आज सुकाळात तेच गुण अंगावर उलटले. १९९२ साली हेल्स आणि बार्कर या दोघा इंग्रजांनी त्यात सुधारणा केली. काटकसर रक्तात नसून गर्भात शिकली जाते. पोटात असताना उपाशी राहिलेले बाळ 'बाहेर दुष्काळ आहे' असे समजून त्या बेताने शरीर बांधते. हे उत्तर सोपे, मनाला पटणारे आणि थोडे करुणही आहे. म्हणूनच ते सर्वत्र पसरले.

वाटवे यांना ते पटले नाही, आणि आम्हांसही त्यातील एक अडचण खरी वाटते. १९७२ च्या दुष्काळात आपल्या मुलखात जी बाळे पोटात होती त्यांनी पुढच्या चाळीस वर्षांचा पाऊस कसा ओळखावा? १९७३ साली तर पाऊस बरा झाला. नऊ महिन्यांच्या अनुभवावरून जन्माचे पंचांग मांडणारा गर्भ हा ज्योतिषीच म्हणावयाचा, आणि तोही नाशिकच्या पावसाळ्यात फसणारा. शिवाय प्रश्न असा की, या रोगात साखर रक्तात साचून राहते, स्नायू तिला आत घेत नाहीत. याला काटकसर तरी कशी म्हणावी?

२००७ साली वाटवे आणि याज्ञिक या दोघांनी मिळून एक वेगळी उपपत्ती मांडली. ती समजण्यासाठी शरीरातील एक व्यवहार ध्यानात घ्यावा लागतो. आपण खातो त्याची साखर होऊन रक्तात येते. स्नायूंना ती आत घ्यावयास स्वादुपिंडातून येणाऱ्या इन्शुलिनची चिठ्ठी लागते. मेंदूला बव्हंशी ती लागत नाही. पोटातील बाळालाही वारेतून साखर मिळते ती आईच्या इन्शुलिनची वाट न पाहता. आता समजा, स्नायू या चिठ्ठीला जुमानीनासे झाले. मग वाचलेली साखर जाईल कोठे? मेंदूकडे, आणि गरोदर स्त्रीच्या बाबतीत बाळाकडे. दिवस गेलेल्या प्रत्येक स्त्रीच्या शरीरात असा थोडाबहुत बदल होतोच, आणि त्याला कोणी रोग म्हणत नाही. म्हणजे इन्शुलिनला न जुमानणे ही शरीराची बिघडलेली चाल नसून वाटणीची एक रीत असू शकेल.

ही रीत केव्हा उपयोगी पडावी? प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यासक येथे बोलू लागतो. जगण्याचे दोन ढंग असतात. एक अंगातल्या बळावर जगण्याचा, दुसरा अकलेवर आणि संबंध जोडून जगण्याचा. वाटवे आणि याज्ञिक यांनी त्यांना शिपाई आणि मुत्सद्दी अशी नावे दिली. आपल्याकडे साडेतीन शहाण्यांची गोष्ट सांगतात, तीत नाना फडणवीस अर्धे शहाणे ठरले, कारण कारभारात पुरे असूनही ते समशेरीचे गडी नव्हते. शरीराने शिपाईगिरी सोडून मुत्सद्देगिरी धरली की स्नायूंचा शिधा तोडून मेंदूला द्यावा, हा त्या बदलाचा खटका म्हणजे इन्शुलिनची अवज्ञा. दुसरा बदल संततीचा: पुष्कळ पोरे आणि प्रत्येकावर थोडा खर्च, याऐवजी थोडी पोरे आणि प्रत्येकावर पुष्कळ खर्च. या दोन्ही बदलांना अनुकूल अशी परिस्थिती बहुधा एकत्रच येते, म्हणून खटकाही एकच असावा, असे त्यांचे म्हणणे. या हिशेबाने लहान जन्मलेले बाळ दुष्काळाचे भाकीत करीत नसते. आपण अंगाने दुबळे आहोत एवढेच त्याच्या शरीराला कळलेले असते, आणि त्यास ज्योतिष लागत नाही. रोग केव्हा होतो? एरवी जो ढंग प्रसंगापुरता धरावयाचा तो माणूस आयुष्यभर धरून बसतो, उठून धावण्याचा, चढण्याचा, झुंजण्याचा प्रसंगच येत नाही, तेव्हा. २०१२ साली वाटवे यांनी हा सारा विचार एका मोठ्या इंग्रजी ग्रंथात विस्ताराने मांडला. त्याच्या नावात कबुतरे, मुत्सद्दी आणि मधुमेह असे तिघे शेजारी बसविले आहेत.

आमचे मत विचाराल तर या उपपत्तीची नावे फार देखणी आहेत, आणि देखण्या नावांविषयी सावध राहावे. शिपाई आणि मुत्सद्दी अशा दोन रांगा माणसांच्या लागत नाहीत. बेचाळीस किलोची, डोक्यावर दोन हंडे वाहणारी, दिवसभर खुरपणी करणारी ती माउली कोणत्या रांगेत उभी करावयाची? तिच्या बाळाच्या अंगातील चरबीचे कारण तिच्या ताटात शोधणे अधिक सरळ नव्हे काय? आणि याज्ञिकांच्या मंडळींना तेथे काहीतरी सापडलेही. या खेड्यांतील निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फॉलिक आम्ल मात्र भरपूर, त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा इन्शुलिनला सर्वांत कमी जुमानणारी निघाली. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. २०१५ साली आणखी एक अभ्यास पुढे आला. उंदरांच्या पन्नास पिढ्या अर्धपोटी वाढविल्या, आणि मग दोन पिढ्यांना पोटभर सकस खाऊ घातले. तरी मधुमेहाकडे कल तसाच राहिला. याचा अर्थ, मोजलेला भाग डॉक्टरांचा पक्का आहे. निसर्गवाद्याचा भाग अजून तर्क आहे. वाटवे यांनी स्वतः त्याची कसोटी लावता येईल अशी भाकिते लेखात लिहून ठेविली, ही त्यांची शास्त्रीय सचोटी. पण भाकीत लिहिणे आणि ते खरे ठरणे यांत अंतर असते. आणि सभेत कोणी मधुमेही असतील तर त्यांना हात जोडून सांगतो की, शिपाई व्हावयाचे म्हणून डॉक्टरांस न विचारता गोळी बंद करू नये.

मग या साऱ्यातून मुलांच्या पदरात काय पडले? आमच्या मते पुष्कळ पडले, आणि ते तिसऱ्या प्रश्नामुळे पडले. के. ई. एम. रुग्णालयातच जन्मलेल्या ४७७ मुलांना आठव्या वर्षी पुन्हा तपासले, त्याचा अहवाल १९९९ चा आहे. जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी अंगाने मोठी, अशी जी मुले होती त्यांच्यात पुढील रोगाची चिन्हे सर्वांत जास्त होती. आपल्या घरी काय चालते ते आठवून पाहावे. बाळ बारीक जन्मले की आजी, आत्या, शेजारीण सगळ्या मिळून त्याला तूपसाखर, बिस्किटे यांनी फुगवू पाहतात. आणि काट्यावर आकडा चढला की पेढे वाटतात. शरीर ही पोती भरण्याची कोठी आहे असे समजले की असेच होणार. परंतु शरीर म्हणजे वाटणी करणारा कारभारी आहे, त्याच्या हाती आलेला शिधा तो कोठे पाठवितो हे पाहावयाचे, असे एकदा मनात आले की प्रश्न बदलतो. किती किलो, याच्या जोडीला किती उंची, किती स्नायू, मूल पळते किती, झाडावर चढते किती, की दिवसभर भिंतीला टेकून बसते, हेही विचारावे लागते. मुलाचे खेळणे हा त्याच्या तब्येतीचा भाग आहे, नुसती करमणूक नव्हे, हे बालवाडीतल्या बाईंना ठाऊक असते. दवाखान्याच्या कागदावर त्याला रकाना नसतो.

मध्यंतरी सुरगाण्याच्या बाजूस एका पाड्यावरील अंगणवाडीत आम्ही काही वेळ बसलो होतो. झोळीच्या काट्यात एकेक मूल टांगून ताई वजन लिहीत होत्या. उंची मोजण्याची पट्टीही भिंतीला लावलेली होती, आणि ताई तीही मनापासून घेत होत्या. एका आजीबाईंनी नातवाला काट्यातून काढून घेताना विचारले, "बसला का गं वजनात?" ताई म्हणाल्या, "बसला, आजी." म्हातारी हसली आणि पदराच्या गाठीतले बिस्कीट काढून तिने पोराच्या हाती दिले. त्या बिस्किटाबद्दल आम्ही काही बोललो नाही. बोलण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. पण पोर बिस्कीट घेऊन अंगणात न जाता तिच्याच मांडीला चिकटून बसून राहिले, ते आमच्या डोळ्यांपुढून अद्याप हलत नाही.

वाटवे यांनी पुढे संस्थेची नोकरी सोडली आणि स्वतंत्र संशोधक म्हणून ते लिहू लागले. ताडोबाच्या कडेच्या शेतांत वन्य प्राणी पिकांची किती नासाडी करतात हे मोजण्याचे कामही त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केले. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. आणि त्या सहा खेड्यांतील बाळे? ती १९९४ ते १९९६ या काळात जन्मली. तीच मुले-मुली वयात आली तेव्हा, म्हणजे २०१२ साली, याज्ञिकांच्या मंडळींनी त्यांच्यावर नवा प्रयोग सुरू केला. काहींना रोज ब-१२ ची अल्प मात्रा, काहींना तिच्यासह इतर पोषक द्रव्ये, काहींना नुसतीच गोळी; आणि कोणाला काय मिळते आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही. मुलींची लग्ने झाली, त्यांना पहिली बाळे झाली. नुसते ब-१२ घेतलेल्या मातांची बाळे दोन वर्षांची झाल्यावर बोलण्यात आणि समजुतीत नुसती गोळी घेतलेल्या मातांच्या बाळांपेक्षा सरस निघाली, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासलेली मुले संख्येने थोडी होती. ज्या आयांना १९९३ साली दिवस जाण्यापूर्वी काट्यावर उभे केले होते, त्या आता या बाळांच्या आज्या आहेत.